हळदीकुंकवाला बीपी मोजलं, त्याची हकिगत

२०२५ च्या जानेवारीत आमच्या ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघाने, हळदीकुंकवाच्या दिवशीच गावातल्या तिशीपुढच्या बायकांचं बीपी, साखर आणि कमरेचा घेर मोजला. त्याआधीची दोन महिन्यांची धावपळ आणि त्यानंतर अजून चालू असलेला पाठपुरावा इथे लिहून ठेवते. आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, अर्ज कुणाला द्यायचा, खर्च किती आला, बायका खरंच बसतात का म्हणून. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं.

मी शिवणकाम करते. कराड तालुक्यात आमचं गाव, घराच्या पडवीतच दुकान. ग्रामसंघाचे हिशेब आणि इतिवृत्त माझ्याकडे असतं. आरोग्याच्या कामाशी माझा संबंध आला तो आक्कांमुळे. आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ५१.

१२ सप्टेंबर २०२४, गौरीविसर्जनाचा दिवस. दुपारी बाराच्या सुमाराला आक्का ओट्याशी उभ्या असताना म्हणाल्या, "घशाशी आल्यासारखं वाटतंय." मग जबड्यात कळ, पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मधे दुखणं, आणि अंगाला इतका घाम की पदर पिळावा. आदल्या दिवशी पुरणपोळी झाली होती, रात्री जागरण झालं होतं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, पित्त आहे. मीही तेच म्हटलं, हे मला विसरता येत नाही. शेजारच्या गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. ईसीजी काढला नाही, आम्हीही मागितला नाही. रात्र बसून काढली. सकाळी उलटी झाली, दोन पावलं चालल्यावर दम लागला, तेव्हा १०८ ला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात पाच मिनिटांत ईसीजी निघाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा अटॅक आहे, काल सुरू झालेला."

पुढच्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी होईपर्यंत चोवीस तास उलटून गेले होते. आक्का वाचल्या. पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं होतं. साधारणपणे ते ५५ च्या पुढे असतं. बंद पडलेली रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो आणि पहिल्या काही तासांचं मोल सर्वांत जास्त, हे आम्हाला तिथल्या बाकावर बसून कळलं.

खर्चाचं सांगते, कारण पहिली भीती तीच असते. केशरी रेशनकार्ड आणि आधार होतं, त्यामुळे स्टेंटसकट सगळं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारता येतं. आत गेल्यावर सगळ्यात आधी योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल गाठायचं. जीव धोक्यात असेल तर फोनवरून मान्यता मिळते, कागद मागाहून चालतात. आमचे वरचे चौदा हजार गेले ते येण्याजाण्यात, जेवणात आणि सोबत राहणाऱ्यांच्या सोयीत. आमच्या रेशनकार्डावर आक्कांचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, त्यात तीन तास गेले. घरातल्या बायकांची नावं दोन्हीकडे जुळतात का, ते आजच काढून बघा. माहेरच्या नावाचं आधार आणि सासरच्या नावाचं रेशनकार्ड अशा बायका प्रत्येक गावात आहेत.

वॉर्डमध्ये डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. "बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?" वाढलं होतं. धाकट्याच्या वेळी आक्कांना झटके आले होते, कसंबसं दोघांना वाचवलं होतं. त्याला सत्तावीस वर्षं झाली. ज्या बाईचं गरोदरपणात बीपी वाढतं किंवा साखर वाढते, तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तिने दरवर्षी तपासायला हवं, हे त्यांनी सांगितलं. सत्तावीस वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. आक्कांचं बीपी शेवटचं कधी मोजलं, तेही घरात कुणाला आठवेना. दिरांचं मात्र दर महिन्याला मोजलं जायचं आणि त्यांना तिथवर नेणाऱ्या आक्काच होत्या.

नोव्हेंबरच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मी विषय काढला. शिबिर घेऊ म्हटल्यावर बायका म्हणाल्या, शिबिराला कुणी येत नाही. ते खरं आहे. आमच्याकडे 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहिमेतही तपासण्या झाल्या होत्या, २०२२ च्या नवरात्रात. तेव्हा ज्या आल्या त्या बहुतेक तरुण सुना. चाळिशी-पन्नाशीच्या बायका शेतात होत्या किंवा "मला काय झालंय" म्हणून घरी होत्या. मग विड्यांच्या गटातली एक जण म्हणाली, "हळदीकुंकवाला तर समद्या येत्यात." तिथेच ठरलं.

३ डिसेंबरला मी प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्ज घेऊन गेले. जावक क्रमांक नाही म्हणून परत आला. १० तारखेला क्रमांक घालून गेले तर वैद्यकीय अधिकारी तालुक्याला बैठकीत. १७ तारखेला भेटले, अर्ज वाचला, आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. अर्ज ग्रामसंघाच्या लेटरहेडवर हवा. त्यात तारीख, वेळ, जागा, अंदाजे किती बायका आणि काय काय मोजायचं ते हवं. सोबत बैठकीच्या ठरावाची प्रत. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक ग्रामपंचायतीला. आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. ही पोच मला पुढे दोनदा दाखवावी लागली.

तारखेवरून थोडं अडलं. आम्हाला ३० जानेवारी हवी होती. पण त्या दिवशी कुष्ठरोग निर्मूलन दिन असतो, गावोगाव सभा असतात, कर्मचारी मोकळे नसतात. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे मध्ये फार दिवस नव्हते. शेवटी शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५ ठरली.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी मग काम हातात घेतलं. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करणं हे त्यांच्या कामातच आहे. त्यासाठी आशाताई घरोघर एक फॉर्म भरतात, त्याला सगळे सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्यात दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, घरात कुणाला बीपी, साखर किंवा हृदयविकार आहे का, याला गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी आणायचं. तंबाखूच्या प्रश्नावर बायका सरळ नाही म्हणतात. आशाताईंनी प्रश्नच बदलला, "मशेरी कितींदा लावता?" मग उत्तरं खरी येऊ लागली. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती दात घासायची वस्तू म्हणून धरली जाते. फॉर्मच्या पाठीमागे आम्ही पेनाने दोन प्रश्न वाढवले. बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, आणि पाळी चाळिशीच्या आत गेली का. पाळी लवकर गेली, किंवा पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर हृदयाचा धोका आधी वाढतो. आमच्या भागात पिशवी काढलेल्या बायका घरटी सापडतात, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

२० जानेवारीला मॅडमनी आम्हा चौघींना बीपी मोजायला शिकवलं. खुर्चीला पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाही. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. आधी पाच मिनिटं गप्प बसणं, लघवीला जाऊन येणं, अर्धा तास चहा आणि मशेरी नाही. मोजताना बोलायचं नाही. जास्त आलं तर थोड्या वेळाने पुन्हा. दोन्ही वेळा १४०/९० किंवा वर आलं तर उपकेंद्राचा कागद द्यायचा, पण निदान आपण सांगायचं नाही, ते डॉक्टर सांगतील.

त्यात बाहीचा घोळ माझ्या लक्षात आला. आमच्याकडे ब्लाउजची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट असते. ती दंडावर गुंडाळून वर सरकवली की दंडालाच फास बसतो आणि आकडा चुकतो. गावातल्या निम्म्या बाह्या मीच बेतलेल्या, मला प्रत्येकीच्या दंडाचं माप पाठ. म्हणून आम्ही पडदा लावून आतली खोली केली, तिथे एक हात बाहीतून काढायचा आणि शाल पांघरून बसायचं. काही जणींच्या दंडाला नेहमीचा पट्टा लहान पडत होता, त्यांच्यासाठी मॅडमनी केंद्रातून मोठा पट्टा मागवला. लहान पट्ट्याने बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

निमंत्रणावरून बैठकीत वाद झाला, तोही लिहिते. हळदीकुंकू म्हटलं की विधवा बायका येत नाहीत, आणि साठीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या, कुणी दवाखान्यात न नेणाऱ्या बायका त्यांच्यातच जास्त. त्यांना सोडून मोजायचं तर मोजायचंच कशाला? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचं परिपत्रकही आलं. ते परिपत्रक ग्रामसेवकांकडून मागवून मी बैठकीत वाचून दाखवलं. दोघी उठून गेल्या. बाकीच्यांनी मान्य केलं. निमंत्रणात 'तिळगूळ आणि तपासणी, गावातल्या सर्व महिलांसाठी' असं लिहिलं, आणि आशाताई विधवा बायकांच्या घरी स्वतः जाऊन सांगून आल्या. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मामंजींना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी पहिल्या खुर्चीवर त्या बसल्या. त्यांना कुंकू लावताना आमच्या अध्यक्षबाईंचा हात थरथरत होता.

वाण काय द्यायचं यावर मात्र एकमत लवकर झालं. शिवणाची टेप. कापडाच्या घाऊक दुकानात नऊ रुपयांना पडली. प्रत्येक टेपवर ८० सेंटिमीटरला मी लाल धाग्याचा टाका घातला. बाईच्या कमरेचा घेर ८० च्या आत असावा. ९० च्या वर गेला तर त्या फॉर्ममध्ये दोन गुण लागतात. साडीवरून माप घेऊन चालत नाही, निऱ्यांचीच जाडी चार बोटं येते. परकराची नाडी सैल करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप धरायची.

खर्च असा झाला: १२० टेप १,०८०, तीळ-गूळ-शेंगदाणे १,१४०, झेरॉक्स ३००, हळदकुंकू आणि गजरे ४३०, दंडाला लावायचं बीपीचं मशीन १,८५०. एकूण ४,८००. यातले ३,००० ग्रामसंघाने ठराव करून दिले, उरलेले ९० जणींनी वीस-वीस रुपये काढून जमवले. साखर तपासायच्या पट्ट्या आणि औषधं केंद्राची. ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. आमच्याकडे अनेकींना हे ठाऊक नव्हतं.

३१ तारखेला समाजमंदिरात अकराला सुरुवात केली. पहिल्या तासात आमचीच चूक झाली, स्वागत म्हणून दारातच चहा दिला. मॅडमनी थांबवलं आणि वीस-पंचवीस बायकांना अर्धा तास बसवून ठेवावं लागलं. तुम्ही कराल तेव्हा आधी मोजणी, मग हळदीकुंकू, चहा सगळ्यात शेवटी.

त्या अर्ध्या तासात आक्का उभ्या राहिल्या. भाषण द्यायचं ठरलं नव्हतं. त्यांनी हात छातीवर न ठेवता जबड्यावर ठेवला, मग पाठीमागे नेऊन फऱ्यांच्या मधे. "मला हितं दुखलं. छातीत दुखतं असं ऐकलं हुतं, म्हणून मला वाटलं ह्यो अटॅक न्हवं." मॅडमनी त्याला जोड दिली, की बायकांनाही बहुतेक वेळा छातीत दाब किंवा जळजळ होतेच, पण त्यासोबत दम लागणं, मळमळ, घाम, जबडा-पाठ-खांदा दुखणं, कधी न जाणवलेला थकवा, हे बायकांमध्ये अधिक दिसतं, आणि मग दुखण्याला भलतंच नाव पडतं. चालल्यावर वाढतं आणि बसल्यावर थांबतं ते दुखणं पित्ताचं समजून घरी ठेवायचं नाही. त्यांनी सगळ्यांकडून एक वाक्य म्हणवून घेतलं: "डॉक्टर, आधी ईसीजी काढा." जमलेल्या सगळ्या बायका एका आवाजात ते म्हणत होत्या, तेव्हा मला गौरीविसर्जनाची ती दुपार आठवून रडू आलं.

खालच्या आळीतल्या एक आज्जी आल्या. वय बासष्ट, एकट्या राहतात, अजून भांगलणीला जातात. बीपी १८८/१०४. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, १८२/१००. मॅडमनी विचारलं, डोकं दुखतं का, चक्कर येते का, छातीत दुखतं का? "काय बी न्हाई गं बाय. मी काल दोन सरी भांगलल्या." त्या खरंच सांगत होत्या. दंडाला पट्टा बांधल्याशिवाय हे कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. त्यांना त्याच दुपारी केंद्रात नेलं, ईसीजी झाला, गोळी सुरू झाली.

दिवसभरात ११२ जणी आल्या. वाढलेलं बीपी दोन्ही वेळा आलं अशा २७ जणी निघाल्या, त्यांतल्या बहुतेकींना ते पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी यादी हातात घेतली तेव्हा वाटलं होतं की काम झालं.

खरं काम तिथून पुढे होतं. सरकारी पोर्टलवर नोंद करायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आमच्या बायकांचे नंबर मुलांच्या नावावर, आणि मुलं मुंबईत माथाडीत नाहीतर पुण्यात कंपनीत. एकेका ओटीपीसाठी त्यांची शिफ्ट सुटायची वाट बघायची. सत्तावीस नोंदींना नऊ दिवस लागले. नंतर गोळ्या. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम राज्यात आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत सातारा होता, त्यामुळे आमच्या उपकेंद्रात महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात. तरी मार्चमध्ये अकरा जणींनी गोळी सोडलेली होती. दोन कारणं पुन्हा पुन्हा ऐकली. "बरं वाटतंय" आणि "एकदा लागली की जल्मभर लागते." आज्जींनीही सोडली होती, कारण मोजल्यावर १३४ आलं होतं. ते गोळीमुळे आलं, हे त्यांना समजावायला मॅडमना तीनदा त्यांच्या ओसरीवर बसावं लागलं.

तेव्हापासून मशीन माझ्या दुकानात आहे. ब्लाउज टाकायला आलेली बाई तशीही पाच मिनिटं बसते. वहीत मापाच्या पानावरच छाती, कंबर, बाहीखाली बीपी लिहिते आणि गोळी संपायची तारीख. तारीख आली की निरोप पाठवते. आजच्या घडीला सत्तावीसपैकी एकवीस जणी नियमित गोळी घेतात. उरलेल्यांपैकी दोघी लेकाकडे मुंबईला गेल्या, त्यांना कागद देऊन पाठवलंय. चौघी अजून ऐकत नाहीत. त्यांच्या सुनांशी बोलणं चालू आहे.

मिठाचं एक गणित बायकांना फार पटलं, तेही सांगते. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा लहान चमचा, त्यात लोणचं-पापड-ठेच्यातलंही आलं. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा चाळीस दिवस तरी जायला हवा. आमच्याकडे तो अठरा दिवसांत संपत होता. पुड्यावर फोडल्याची तारीख लिहायला लागले, आणि भाकरीच्या पिठात मीठ घालणं बंद केलं. आता चौतीस दिवसांवर आलाय. आक्कांच्या चुलीवर मी स्वतः लक्ष ठेवते. त्या सकाळी सासूबाईंबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत दोन फेऱ्या चालतात, दर सहा महिन्यांनी इको होतो. मागच्या खेपेला पंपिंग ४२ आलं.

२०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीला, रविवारी आहे, आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. म्हणून २१ किंवा २२ तारीख मागायची आहे. अर्ज लिहून तयार आहे, या वेळी जावक क्रमांक सुरुवातीलाच घातलाय. ज्या दोघी बैठकीतून उठून गेल्या होत्या, त्यांतली एक परवा दुकानात आली. ब्लाउजपीस दिलं, बसली, आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "माझं बी बघ की गं." मी दार ओढून घेतलं, तिने बाहीतून हात काढला. १४६/९२. पुढच्या सोमवारी तिला उपकेंद्रात घेऊन जायचं आहे.